आडवी सायकल आणि १२ सेंटिमीटर

इंग्रजीत जिला 'रिकंबंट' म्हणतात त्या सायकलीला मराठीत नाव नाही. वस्तूच आपल्याकडे फारशी नाही, तर नाव कुठून असणार? मी आपला तिला 'आडवी सायकल' म्हणतो. वास्तविक आडवी सायकल नसते, तिच्यावर बसणारा असतो. आरामखुर्चीत पाठ टेकावी, पाय समोर पसरावेत आणि पसरलेल्या पायांपुढे पायडल असावेत, अशी ही रचना. दोन चाकांची असते तशी तीन चाकांचीही असते. आमच्या सौभाग्यवतींनी तिला पाहताक्षणी 'लोळणारी सायकल' असे नाव ठेवले. तेही काही वाईट नाही.

या विषयात मी शिरलो तो जरा नाइलाजानेच. जन्मभर शाळेत सायकलवरून गेलो. आमच्या लहानपणी सायकल तासावर भाड्याने मिळायची, नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागायचा, आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसलो तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. त्या काळापासून सुटलेली नाही ती सवय. पण सत्तरी ओलांडल्यावर मानेच्या मणक्यांनी तक्रार सुरू केली. साध्या सायकलवर पुढे वाकून मान वर उचलून धरावी लागते, आणि नेमके तेच डॉक्टरांनी बंद करायला सांगितले. शिवाय तोलही पूर्वीसारखा राहिला नव्हता. माझा एक पुतण्या नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. त्याने तिकडच्या एका आडव्या तीनचाकीचे छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले, "काका, ही तुमच्यासाठी." चालवणाऱ्या गृहस्थांचे केस माझ्याहून पांढरे होते.

इतिहास शिकवून आयुष्य गेलेल्या माणसाला एखादी वस्तू आवडली की तिचे कूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मी वाचू लागलो. आणि जी गोष्ट हाती आली ती नुसत्या सायकलीची नव्हती. नियम म्हणजे काय, तो कोण करतो आणि त्याचे परिणाम कुठवर जातात, याची ती गोष्ट होती. ती सांगावीशी वाटते म्हणून हा लेख.

थोडी पार्श्वभूमी आधी देतो. आज आपण जिला 'सायकल' म्हणतो तो आकार १८८५ चा. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने 'रोव्हर' ही सायकल काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मध्ये पायडल, मागच्या चाकाला चेन. त्याआधी पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच आणि मागचे थाळीएवढे, अशा सायकली होत्या. त्यांच्यावरून पडणे म्हणजे तोंडावर पडणे. म्हणून बायका, वयस्कर मंडळी आणि प्रतिष्ठित लोक तीनचाकी वापरत. जॉनचे काका जेम्स स्टार्ली तशा तीनचाकी बनवत, आणि १८८१ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने त्यांच्याकडून दोन घेतल्या होत्या. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला, 'रोव्हर'सारख्या सायकली मऊ चालू लागल्या, आणि तीनचाकी मागे पडली. आकार ठरून गेला. इतका ठरून गेला, की दुसराही आकार असू शकतो हे लोक विसरले.

काही जण मात्र विसरले नव्हते. शार्ल मोशे हा त्यांतला एक. पॅरिसजवळ पुतो येथे त्याचा लहानसा कारखाना होता. पहिल्या महायुद्धानंतर तो छोट्या मोटारी बनवत असे. त्याला जॉर्ज नावाचा मुलगा होता. मुलाला सायकल हवी होती आणि आईला ती धोक्याची वाटत होती. हा वाद प्रत्येक घरात झालेला आहे. मोशेने मधला मार्ग काढला आणि मुलाला चार चाकांची, पायडलने चालणारी मोटार करून दिली. पोरगा तीत बसून साध्या सायकलींना मागे टाकू लागला. तेव्हा बापाच्या लक्षात आले की यात काहीतरी आहे. त्याने मोठ्या माणसांसाठी तशीच दोघांची गाडी केली. शेजारी-शेजारी बसायचे आणि दोघांनी पायडल मारायचे. नाव ठेवले 'वेलोकार'. मोटार परवडत नाही पण सायकलवर दोघांना जायचे आहे, अशा लोकांना ती आवडली.

या चारचाकीची अडचण एकच होती. वेगात वळण घेताना ती उलटायला बघे. मोशेने तीन चाके करून पाहिली. शेवटी त्याने गाडीचा उभा अर्धा भागच काढून टाकला, म्हणजे एक चाक पुढे, एक मागे, मध्ये पाठ टेकून बसलेला माणूस. १९३२ च्या सुमारास अशी ही आडवी सायकल तयार झाली.

ती वेगवान आहे हे मोशेला ठाऊक होते, पण लोकांना पटवायचे तर शर्यत जिंकायला हवी. नावाजलेला खेळाडू अशा यंत्रावर बसून हसे करून घ्यायला तयार होईना. मग त्याला फ्रान्सिस फोर मिळाला. हा खेळाडू होता दुसऱ्या श्रेणीतला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळा वाद तिच्यावरच उभा राहिला. आडव्या सायकलवर फोर ट्रॅकवर उतरला की प्रेक्षक टिंगल करत. शर्यत संपली की टिंगल थांबे, कारण वरच्या श्रेणीतले खेळाडू त्याच्या मागे राहिलेले असत.

सायकलच्या खेळात एक तासाचा विक्रम सर्वांत मानाचा समजतात. एका तासात एकट्याने किती अंतर कापले, एवढाच हिशेब. त्या वेळी तो विक्रम स्वित्झर्लंडच्या ऑस्कर एगच्या नावावर होता : ४४.२४७ किलोमीटर, १९१४ सालचा. मध्ये महायुद्ध झाले, १९ वर्षे गेली, पण तो मोडला नव्हता. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फोरने मोशेच्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. विक्रम ८०८ मीटरने मोडला.

आणि मग प्रश्न उभा राहिला : ही सायकल आहे का?

मोशेने प्रयत्नाआधीच संघटनेकडे विचारणा करून ठेवली होती. त्या वेळच्या नियमांत त्याच्या सायकलीविरुद्ध काही सापडत नव्हते. वारा कापण्यासाठी अंगाभोवती कवच लावायचे नाही असा नियम होता, पण तिला कवच नव्हतेच. दोन चाके होती, चेन होती, पायडल होते, आणि चालवणारा माणूस होता. फक्त तो बसण्याऐवजी रेलला होता. कसे बसावे हे नियमांत लिहिलेले नव्हते. ते लिहून ठेवावे असे आजवर कोणाला वाटलेच नव्हते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोरिस रिशार या फ्रेंच खेळाडूने साध्या सायकलवर एका तासात ४४.७७७ किलोमीटर अंतर कापले. म्हणजे एगचा विक्रम त्यानेही मोडला, पण फोरच्या तो मागेच होता. आता मान कोणाला द्यायचा? १९३४ च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेपुढे म्हणजे यूसीआयपुढे हा विषय आला. बाजूने बोलणारे होते तसे विरुद्ध बोलणारेही होते. शेवटी संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच नव्याने केली, आणि ती १ एप्रिल १९३४ पासून लागू झाली. पायडलचा आस जमिनीपासून २४ ते ३० सेंटिमीटर उंचीवर हवा. तो पुढच्या चाकाच्या आसापासून ५८ ते ७५ सेंटिमीटरवर हवा. आणि सीटचे पुढचे टोक पायडलच्या आसाच्या मागे १२ सेंटिमीटरहून जास्त असता कामा नये.

नियमांत आडव्या सायकलीचे नावही नाही. पण आडव्या सायकलीत पायडल पुढे आणि सीट मागे असणारच. ती त्या १२ सेंटिमीटरमध्ये मावणे शक्य नव्हते. फोरचा ४५.०५५ अधिकृत यादीत आला नाही, रिशारचा ४४.७७७ आला. शार्ल मोशे त्याच वर्षी, १९३४ मध्ये वारला.

आता ही सायकल जास्त वेगाने का जाते ते सांगतो. एसटीतून जाताना खिडकीबाहेर हात काढू नये अशी पाटी असते, आणि प्रत्येकाने लहानपणी तो काढलेला असतो. तळवा वाऱ्यासमोर उभा धरला तर हात मागे ढकलला जातो, आडवा केला तर वाऱ्याला कापत जातो. हात तोच, बसचा वेग तोच. सायकलवाल्याचेही तेच. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना त्याची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट. कोणत्याही पैलवानाच्या पायांत ती येणार नाही. समोरून दिसणारे अंग लहान करणे हाच सोपा उपाय, आणि रेलून बसल्यावर ते आपोआप लहान होते. चढावर मात्र हवेचा प्रश्न नसतो, तिथे वजनाशी गाठ असते. आडवी सायकल बहुधा जड, आणि तिच्यावर पायडलवर उभे राहून जोर मारता येत नाही. म्हणून घाटात ती मागे पडते.

या विषयावर लिहिणारे बरेच लोक असे सांगतात की त्या एका नियमाने चांगली सायकल जगाच्या हातून हिरावली. मला ते पूर्ण पटत नाही, आणि का पटत नाही तेही सांगायला हवे.

पहिली गोष्ट, मोशेच्या आधीही आडव्या सायकली झाल्या होत्या. झेपेलिन विमानांच्या आकाराचा अभ्यास केलेला पॉल यारे हा इंजिनिअर १९२१ च्या सुमारास जर्मनीत तशी एक सायकल घेऊन आला. ती कारखान्यात बनली, दुकानात विकली गेली, आणि काही वर्षांत बंदही पडली. तेव्हा असा कोणताच नियम नव्हता. दुसरी गोष्ट, कामावर जाणाऱ्या माणसाला १९३४ मध्ये एका तासाच्या विक्रमाशी काय देणे-घेणे? त्याला स्वस्त, हलकी, भिंतीला टेकवून ठेवता येणारी आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्त होणारी सायकल हवी होती. ती 'रोव्हर'च्या वंशातली होती, आणि खरेच चांगली होती. तिसरी गोष्ट, ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीच्या ज्युसेप्पे ओल्मोने साध्या सायकलवर ४५.०९० किलोमीटर केले. म्हणजे फोरचा विक्रम मान्य झाला असता तरी तो दोन वर्षांत साध्या सायकलनेच मोडला असता, अवघ्या ३५ मीटरने का होईना.

मग नियमाने नुकसान कसले केले? माझ्या मते त्याने आडव्या सायकलीला मारले नाही. तिला परीक्षेला बसायची मनाई केली. शाळेत इतकी वर्षे काढल्यावर मला हा फरक कळतो. परीक्षेला न बसलेला मुलगा नापास होत नाही, पण त्याला काय येते तेही कोणाला कळत नाही. पुढे त्याचा अभ्यास घ्यायलाही कोणी बसत नाही. शर्यतीत जे चालते ते कारखानदार बनवतात, तेच दुकानात येते, तेच मुले मागतात. साध्या सायकलीच्या प्रत्येक नळीवर आणि दात्यावर शंभर वर्षे हुशार माणसे डोके चालवत राहिली. आडव्या सायकलीच्या वाट्याला ते आले नाही.

संघटनेची बाजूही ऐकायला हवी. दुसऱ्या श्रेणीचा फोर पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंना हरवतो, तेव्हा जिंकला कोण, माणूस की यंत्र? १९१४ चा माणूस आणि १९३३ चा माणूस यांची तुलना करायची तर दोघांची पाटी सारखी हवी. हा मुद्दा खोटा नाही. यूसीआयला तो पुढेही सुटला नाही. स्कॉटलंडच्या ग्रॅमी ऑब्रीने १९९३ मध्ये घरी जुळवलेल्या सायकलवर ५१.५९६ किलोमीटर केले. हात छातीखाली दुमडून बसण्याची त्याची पद्धत पुढच्याच वर्षी बंद झाली. मग त्याने हात पुढे लांब ताणून बसण्याची पद्धत काढली. तशा पद्धतीने इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये ५६.३७५ किलोमीटर केले, आणि तीही पद्धत बंद झाली. २००० मध्ये यूसीआयने ठरवले की तासाचा खरा विक्रम मोजायचा तो एडी मर्क्सने १९७२ मध्ये वापरली तशा जुन्या धाटणीच्या सायकलवरच. मर्क्सचा आकडा ४९.४३१. बोर्डमन त्या धाटणीच्या सायकलवर पुन्हा उतरला आणि त्याने ४९.४४१ केले. फक्त १० मीटर जास्त! यंत्र बाजूला काढले की माणूस किती पुढे आला ते यातून दिसते. संघटनेचा आग्रह मला समजतो तो अशा वेळी.

इथे मला आमच्या शाळेतला एक प्रसंग सांगावासा वाटतो. १९८० च्या दशकातली गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या आधी क्रीडास्पर्धा असत आणि त्यात 'सावकाश सायकल' ही स्पर्धा सर्वांची आवडती. पाय न टेकता जो सर्वांत उशिरा पोचेल तो पहिला. पोलिओमुळे दोन्ही पाय गेलेला एक मुलगा आठवीत होता. हाताने पायडल फिरवायच्या तीनचाकीवरून तो गावाच्या दुसऱ्या टोकाहून शाळेत यायचा. त्याने या स्पर्धेत नाव दिले. क्रीडाशिक्षकांनी त्याला सांगितले, "बाळा, तुझी गाडी तर पडतच नाही. तू जागेवर उभा राहशील आणि जिंकशील." हे अगदी बरोबर होते. मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग सर, मला जोरात पळवायच्या शर्यतीत घ्या." शिक्षक दालनात हशा पिकला. मग नियमांचा कागद काढला गेला. त्यात 'सायकल' म्हणजे काय हे कुठेही लिहिलेले नव्हते. अखेर असे ठरले की त्याने एकट्याने मैदानाला चार फेऱ्या माराव्यात आणि त्याची वेळ माइकवरून जाहीर करावी. चार फेऱ्या त्याने मारल्या. टाळ्या खूप पडल्या. बक्षिसांच्या यादीत मात्र त्याचे नाव आले नाही, कारण त्या शर्यतीत तो एकटाच होता. बक्षीस समारंभ संपल्यावर त्याने मला विचारले, "सर, पुढच्या वर्षी अजून कोणी तीनचाकीवाला मिळेल का?" त्याला टाळ्या नको होत्या, प्रतिस्पर्धी हवा होता.

पॅरिसची गोष्ट वाचताना मला हाच मुलगा आठवत होता.

फोरचे पुढे काय झाले तेही सांगतो. मोशेचा मुलगा जॉर्ज (आईने ज्याला सायकल नाकारली होती तोच) बापाचे काम पुढे चालवत राहिला. नोव्हेंबर १९३३ मध्ये मार्सेल बर्ते या सत्तेचाळिशीच्या खेळाडूने कवच लावलेल्या साध्या सायकलवर एका तासात ४९.९९२ किलोमीटर केले होते. पन्नासाला फक्त ८ मीटर कमी. ५ मार्च १९३९ रोजी फोरने कवच लावलेल्या आडव्या सायकलवर ५०.५३७ किलोमीटर केले. सहा महिन्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. युद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा त्या चार चाकांच्या पायडलगाड्यांना मागणी आली. युद्धानंतर लोकांना पुन्हा इंजिन हवे होते, म्हणून जॉर्जने त्याच धर्तीच्या छोट्या मोटारी बनवल्या. आडवी सायकल विस्मरणात गेली.

तिला पुन्हा वर काढले ते कॅलिफोर्नियातल्या एका प्राध्यापकाने. चेस्टर काइल त्यांचे नाव. सायकलीला हवेचा विरोध किती होतो हे विद्यार्थ्यांना घेऊन मोजता मोजता त्यांना वाटले, की एक अशी शर्यत घ्यावी जिच्यात सायकलच्या आकाराला नियमच नसेल. चालवणाऱ्याची ताकद तेवढी त्याची स्वतःची हवी. ५ एप्रिल १९७५ रोजी आयर्विनडेल येथे ती झाली. पुढच्या वर्षी मानवी शक्तीवरील वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. म्हणजे पहिल्या शाळेने प्रवेश नाकारला म्हणून दुसरी शाळा काढली. या दुसऱ्या शाळेचे निकाल काय लागले? २०१६ मध्ये कॅनडाच्या टॉड रायकर्टने अमेरिकेत नेवाडातल्या बॅटल माउंटन येथील सपाट रस्त्यावर ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला. तोही इंजिनाशिवाय, पायांनी. त्याच वर्षी जर्मनीत फ्रांचेस्को रुसोने एका तासात ९२.४३९ किलोमीटर केले. पहिल्या शाळेचाही निकाल सांगतो, म्हणजे तुलना होईल : २०२२ मध्ये इटलीच्या फिलिपो गाना याने ५६.७९२ किलोमीटर केले.

या शर्यतीच्या गाड्या म्हणजे चाकांवरची अंडी, त्यांत बसून भाजी आणता येत नाही. पण त्यांच्या अभ्यासातून रोजच्या वापराच्या गाड्याही निघाल्या. नेदरलँड्समध्ये ड्रॉन्टन या गावी कवच असलेल्या आडव्या तीनचाकी बनतात. त्यांना 'वेलोमोबिल' म्हणतात. समुद्र हटवून तयार केलेली सपाट जमीन, समोरून येणारा वारा, पाऊस, आणि मोटारींपासून वेगळे सायकलरस्ते अशी ती भूमी. तिथे ही गाडी टिकली यात नवल नाही. वस्तू चांगली असून भागत नाही, तिला गावही तसे लागते.

माझी तीनचाकी मात्र आमच्याच गावात झाली. माझा एक जुना विद्यार्थी औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचे काम करतो. त्याला मी छायाचित्रे दाखवली. तो म्हणाला, "सर, बघू या." या 'बघू या'ला सात महिने लागले. पुढे मुलांच्या सायकलची २० इंची दोन चाके, मागे २६ इंची एक. साध्या सायकलचे चाक चिमट्यात दोन्ही बाजूंनी धरलेले असते. इथे पुढची चाके एकाच बाजूने धरायची, म्हणून आस जाड लागतो. तो त्याने लेथवर करून घेतला. चेन एक पुरत नाही. जवळजवळ तीन चेना जोडाव्या लागल्या, आणि ती लांबलचक चेन सीटखालून नेण्यासाठी पुलीवर घ्यावी लागली. सीटला फोम लावला तर घाम येतो, म्हणून चौकटीवर खाटेची नवार विणली. ते काम सौभाग्यवतींनी केले, आणि तेव्हापासून नाव ठेवणे जरा कमी झाले आहे.

सर्वांत कठीण प्रकरण वळण्याचे. दोन पुढची चाके एकाच कोनात वळवली तर एक चाक रस्त्यावर घासत जाते, कारण आतल्या चाकाचे वर्तुळ लहान आणि बाहेरच्याचे मोठे. आतले चाक जास्त वळले पाहिजे. घोडागाडीसाठी ही युक्ती म्युनिकच्या लँकेनस्पर्गरने १८१७ च्या सुमारास काढली. इंग्लंडमध्ये तिचे पेटंट त्याच्या वतीने आकरमनने घेतले, म्हणून जग तिला आकरमनचे नाव देते. माझ्या विद्यार्थ्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने जमिनीवर खडूने रेघा मारल्या, दोन्ही चाकांच्या दांड्या मागच्या आसाच्या मध्याकडे रोखल्या आणि म्हणाला, "ट्रॅक्टरला असेच असते."

चालवण्याचा अनुभव सांगायचा तर मान टेकलेली असते आणि आभाळ दिसते. जन्मभर ज्या रस्त्याने गेलो त्या रस्त्यावरच्या चिंचांचे शेंडे मी या दोन वर्षांत पाहिले. चढावर कितीही हळू गेले तरी तोल जात नाही. बैलगाडीच्या वेगाने जावे, दम लागला तर तिथेच थांबावे, पाय टेकायचीही गरज नाही. त्रासही आहेत. गतिरोधकाला खालची चौकट घासते. कुत्र्याचे तोंड आणि आपले तोंड एकाच उंचीवर येते, आणि दोघेही दचकतात. ट्रकवाल्याला आपण दिसतच नाही, म्हणून मागे बांबूच्या कामटीला पिवळे फडके बांधले आहे. हमरस्त्यावर मी ती नेत नाही.

रस्त्यात लोक विचारतात, "गुरुजी, पायाला काय झाले?" तीनचाकी म्हणजे अपंगाची गाडी, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. आणि अपंगाची गाडी म्हणजे सायकल नव्हे, हेही. आमच्या त्या मुलाच्या गाडीला सगळी शाळा 'गाडा' म्हणायची. एवढ्या वर्षांत तिला कोणी सायकल म्हटल्याचे मला आठवत नाही. कानपूरची 'अलिम्को' ही सरकारी कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली. अपंगांसाठीच्या तीनचाकी ती बनवते, आणि त्यांच्यामुळे कितीतरी माणसे घराबाहेर पडली. पण त्या चालवणाऱ्याला 'सायकलस्वार' म्हणायला आपली जीभ वळत नाही. व्याख्या कागदावर नसली तरी मनात असते, आणि ती १२ सेंटिमीटरपेक्षाही अरुंद असते.

म्हणून यापुढची हकीकत मला फार मोलाची वाटते. २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये हाताने चालवायच्या सायकलींची शर्यत पहिल्यांदा आली. २००७ मध्ये अपंगांच्या सायकल शर्यतींचा कारभार यूसीआयकडे आला, त्याच यूसीआयकडे. आज त्यांच्या नियमपुस्तकात या तीन चाकांच्या हातसायकलींसाठी वर्ग आहेत, वर्गवारी आहे, आणि त्यांतल्या बहुतेक वर्गांतले खेळाडू पाठ टेकून, रेलूनच शर्यत करतात. त्यांना पदके मिळतात, आणि त्यांना 'सायकलपटू' म्हणतात. १९३४ मध्ये जी बसण्याची पद्धत व्याख्येबाहेर ठेवली ती ७० वर्षांनी दुसऱ्या दाराने आत आली. वेगाने तिला आत आणले नाही. ज्यांना दुसऱ्या पद्धतीने बसताच येत नाही अशा माणसांनी आणले.

आमचा तो विद्यार्थी आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. तालुक्याच्या गावी त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. मागच्या दिवाळीत आला तेव्हा त्याने माझी गाडी फिरून फिरून पाहिली, चेनला हात लावला आणि विचारले, "सर, पायडल हाताला घेता येतील का?" मी त्याला वेल्डिंगवाल्याचा पत्ता दिला. दोघांनी मिळून खडूच्या रेघा मारायला सुरुवात केली आहे असे कानावर आले. असो. पावसाळ्याआधी मला माझ्या तीनचाकीला पुढचे दोन मडगार्ड बसवून घ्यायचे आहेत, नाहीतर दोन्ही चाकांचा चिखल थेट मांडीवर येतो. कामाला जाईन तेव्हा त्यांचे कुठवर आले तेही बघून येईन.